कोवळं हाड

हाडपट्टा गुडघ्याखाली बांधला की अर्धा मिनिट हलायचं नसतं. माळकोंडीच्या शाळेतली पोरं त्या अर्ध्या मिनिटात श्वाससुद्धा धरून ठेवायची. श्वास सोडला तर हाड मोठं होईल, अशी भीती कुणी घातली होती देव जाणे.

"किती आलं मॅडम?"

दीपाली भराटेनं फोनवरचा आकडा पाहिला. "अकरा वर्षं एक महिना."

"परत तेवढंच!" कार्तिकी लोमटेनं एका पायावर गिरकी घेतली. मागं रांगेत उभ्या पोरी कुजबुजल्या. "नशीब काढलंस बाई," एक जण म्हणाली, "माझं मेलं महिन्याला दोन महिने पळायलंय."

जन्मदाखल्यानं कार्तिकी तेरा वर्षं आठ महिन्यांची होती. आठवीत शिकत होती. हाड मात्र गेल्या जूनपासून अकरावर ठाण मांडून बसलं होतं. फोनवर आकड्याखाली पिवळी ओळ आली: उंची व वजनात वाढ नाही, कारण निवडा. दीपालीच्या अंगठ्याला रस्ता पाठ होता. ताप, जुलाब, स्थलांतर, धार्मिक उपवास. चौथ्यावर टेकवला, पिवळं गेलं, हिरवं आलं. पुढची पोरगी.

पंचेचाळीस वर्षांची बाई, एकवीस वर्षं क्रीडाशिक्षिका. पूर्वी ती मैदानावर पोरांमागं पळायची. आता पट्ट्यांमागं पळत होती. चाळीस पट्टे चार्ज करा, पुसा, बांधा, सोडा, माहिती वर पाठवा, वरून आलेला त्रास खाली पाठवा. शिट्टी गळ्यात होती, पण वाजवायला वेळ कुठं होता?

तेवढ्यात मुख्याध्यापक गरड सर ऑफिसातून जवळजवळ धावतच आले. पोट सांभाळत धावणारा माणूस आनंदाची बातमी आणतो किंवा चौकशीची. आज आनंदाची होती.

"भराटे मॅडम! कार्तिकीचं नाव आलं! राज्य क्रीडा निवासी शाळा! अख्ख्या जिल्ह्यातून दोनच पोरी, त्यात आपली एक! शनिवारी चाचणी. चाचणी नावालाच, खरं काम तुमचं. वाढपत्रावर सही करायची. हाडवय अकरा, जन्मवय पावणेचौदा, सोनं आहे सोनं!"

पोरींनी टाळ्या वाजवल्या. कार्तिकी लाजली नाही. तिनं फक्त हनुवटी वर केली, जणू हे तिला कधीपासूनच ठाऊक होतं. खो-खोत तिच्यासारखी पळणारी पोरगी दीपालीनं पाहिली नव्हती. पाठलाग करणारीला ती खांबापर्यंत खेचून न्यायची आणि शेवटच्या क्षणी अशी वळायची, की समोरची खांबाला मिठी मारून उभी राहायची.

दीपाली हसली. मनापासून हसायचं होतं, पण अंगात तेवढं उरलं नव्हतं.

*

हा पट्टा आला तेव्हा मात्र ती आनंदानं रडली होती.

लांब हाड मधून वाढत नाही, टोकाशी वाढतं. टोकाजवळ कूर्चेची एक पातळ चकती असते. तिच्यातल्या पेशी एकीवर एक रचल्या जातात, उतरंडीतल्या मडक्यांसारख्या. जुनी मडकी चुन्यानं भरून घट्ट होतात आणि त्यांचं हाड बनतं. उतरंडीवर नवी मडकी चढत राहतात. पोरगं वयात येऊ लागलं की शरीरातली संप्रेरकं हे काम आधी जोरात चालवतात आणि मग कायमचं बंद करतात. चकती मिटते, उंची संपते. तोवर ती चकती म्हणजे अख्ख्या सांगाड्यातली सगळ्यात हळवी जागा. जिथं मोठ्या माणसाचा स्नायू नुसता दुखावेल, तिथं पोराची चकती सरकते, हाडाचा टवका निघतो, पाय वाकडा वाढतो.

आवाजाच्या लहरी कूर्चेतून हळू जातात, हाडातून वेगानं. पट्टा एका बाजूनं कानाला न ऐकू येणारा आवाज सोडतो, दुसऱ्या बाजूनं पकडतो आणि मध्ये गेलेल्या वेळेवरून चकती किती उघडी आहे ते सांगतो. त्यावरून हाडाचं वय. हाडाच्या वयावरून त्या पोरानं आज किती पळायचं, किती उड्या मारायच्या, कधी थांबायचं. यात जादू काही नव्हती. साधं, सरळ, शहाणपणाचं यंत्र होतं.

दीपाली बारा वर्षांची असताना असं काही नव्हतं. तिच्या गुरुजींनी तिचा खोटा दाखला काढला आणि तिला कधी दहाची केली, कधी सोळाची, जशी स्पर्धा असेल तशी. मुरमाच्या मैदानावर रोज दोनशे बेडूकउड्या. गुडघ्याखाली लिंबाएवढं टेंगूळ आलं तेव्हा गुरुजी म्हणाले, "हाड बसतंय, बसू दे." सोळाव्या वर्षी ते असं बसलं की जिना चढताना आजही कठडा धरावा लागे. म्हणून सात वर्षांपूर्वी पट्टा आला तेव्हा ती गावोगाव फिरली. पालकसभांमध्ये टेबलावर मूठ आपटून सांगितलं, "जन्मदाखला खोटं बोलतो. हाड खोटं बोलत नाही!"

पहिली दोन वर्षं खरंच चांगली गेली. पोरांचे गुडघे वाचले. लवकर वाढलेल्या धिप्पाड पोरांखाली बारकी पोरं चिरडायची थांबली, कारण स्पर्धांचे गटही हाडवयानं पडू लागले. पुढं निवासी शाळेनं नियम काढला: ज्याचं हाड जन्मवयाच्या मागं, त्याची वाढ अजून शिल्लक, त्याला आधी घ्या. कागदावर नियम बरोबरच होता, आणि दीपालीनं तोही पालकसभांत सांगितला. पण झालं काय, की पावणेचौदा वर्षांची अक्कल आणि पाच वर्षांचा सराव घेऊन अकराच्या गटात उतरता येतं, हे लोकांना कळलं. ज्या लोकांनी जन्मतारखा वाकवल्या ते हाडापुढं हात टेकणार होते होय? बाजारात काढे आले. गुडघ्याला लावायचे लेप आले. एका बाबानं तर हाड गोठवायचा मंत्र काढला. लग्नकार्यात बाया एकमेकींना सांगू लागल्या, "आमच्या पोरीचं हाड अजून दहाचंच आहे बरं का." शाळाशाळांत फळ्यावर कोवळ्या हाडांच्या पोरांची नावं झळकू लागली. ज्यांची हाडं वेळेवर वाढली ती पोरं खाली मान घालून फिरू लागली, जणू वाढणं हा गुन्हा होता.

दीपालीला हे दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं. पण माणूस थकला की दिसतं आणि पुढं सरकतं.

*

त्याच दिवशी, गुरुवारी दुपारी सरावात कार्तिकी खांबाकडं झेपावली, वळली आणि बसली. पडली नाही, अलगद बसली. दोन्ही हातांनी नडगी धरली.

"काय झालं गं?"

"काही नाही मॅडम. पायात गोळा आला."

दीपाली शेजारी टेकली. नडगीवरून अंगठा फिरवला. एका जागी, एवढ्याशा जागी, पोरीचा चेहरा पांढरा पडला. गोळा असा एका टिंबावर दुखत नाही. स्वतःच्या पायानं दीपालीला हे फार आधी शिकवलं होतं.

"बूट काढ."

बूट काढताना दीपालीचा हात थांबला. टाचेशी सहावीच्या तुकडीचा शिक्का होता. सहावीत असताना शाळेनं सगळ्यांना हे बूट दिले होते. तिच्याबरोबरच्या पोरींना त्यानंतर दोनदा मोठे बूट लागले. हिला अजून तेच होत होते. सैल होत होते, उलट.

"सकाळपासून काय खाल्लंस?"

"आज गुरुवार आहे ना मॅडम."

"बरं, गुरुवार. मग खिचडी? शेंगदाणे?"

"केळ. आणि बिनदुधाचा चहा."

"आणि काल?"

"काल चतुर्थी होती."

"आणि सोमवारी?"

कार्तिकीनं तिच्याकडं असं पाहिलं, की मॅडमला एवढंही कसं कळत नाही. "सोमवार असतोच की. शनिवार पण असतो. आई पण धरते माझ्याबरोबर. आम्ही दोघी एकदम कडक धरतो. साबुदाणा नाही, भगर नाही, काहीच नाही."

मैदानावर बाकीच्या पोरी खेळत होत्या. दीपालीनं बोटांवर वार मोजले.

पट्टा बनवणारे काही मूर्ख नव्हते. उपाशी शरीर वाढ थांबवतं हे त्यांना माहीत होतं. शरीर काटकसरी बाईसारखं असतं. डब्यात पीठ कमी झालं की ती आधी जिवाचं बघते, बाकी सगळं पुढं ढकलते. वाढ पुढं ढकलते, वयात येणं पुढं ढकलते. उतरंडीवर नवं मडकं चढत नाही आणि चकती मिटतही नाही. उघडीच पडून राहते. आत शिरलेल्या आवाजाला उघडी चकती दिसते आणि पट्टा म्हणतो, हाड कोवळं आहे. कोवळं आहे की थांबलंय, हे त्याला कळत नाही. म्हणूनच त्यांनी ती पिवळी ओळ ठेवली होती. उंची-वजन थांबलं तर यंत्रानं माणसाला विचारायचं, बाबा रे, कारण काय?

एका वर्षी नवरात्रात राज्यभर पोरांचे पट्टे पिवळे झाले. लोक चिडले. यंत्राला आमचे उपवास खुपतात का, म्हणून मोर्चे निघाले. सरकार घाबरलं आणि यादीत चौथं कारण आलं. ते निवडलं की यंत्र गप्प. पुढं पुढं शिक्षकांची ती सवयच झाली. ताप लिहिला तर डॉक्टरचा कागद मागतात, स्थलांतर लिहिलं तर गावाचं नाव. उपवासाला कोण पुरावा मागणार? आणि शिक्षकांच्या खोलीत हसून म्हणायचे, एकादशी अन् दुप्पट खाशी! उपवासाला माणूस जास्तच खातो, त्यात काळजी कसली?

दीपालीही हसली होती. एकतीस आठवडे यंत्रानं तिला विचारलं होतं. एकतीस वेळा तिनं उत्तर दिलं होतं, आणि गंमत अशी की एकदाही खोटं दिलं नव्हतं.

*

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर नसरीन शेख यांनी फोटो काढला आणि उजेडावर धरला. नडगीच्या हाडाला केसाएवढी चीर होती.

"महिनाभर पाय जमिनीवर जोरात टेकवायचा नाही. पण ही चीर भरेल. मला बाकीच्याची काळजी आहे," त्या म्हणाल्या. कार्तिकी बाहेर बाकावर बसली होती. तरी त्यांनी आवाज खाली घेतला. "मॅडम, हे अकरा वर्षांचं हाड नाहीये. तेरा वर्षांचं उपाशी हाड आहे. आत पोकळ व्हायला लागलंय. हे वय म्हणजे हाडात भर घालायचं वय. आता नाही भरलं तर आयुष्यभर ठिसूळ राहील. या वर्षी ही माझ्याकडं आलेली पाचवी. सगळ्या खेळाडू. सगळ्यांची वाढपत्रं अगदी हिरवीगार."

"भरून येईल ना, डॉक्टर?"

"आज जेवायला लागली तर बरंचसं येईल. त्या शाळेत गेली, तिथं हाडवय राखायची चढाओढ, तर मी काही सांगू शकत नाही."

*

कार्तिकीची आई सारिका हिला शोधायला दीपालीला लांब जावं लागलं नाही. ती शाळेच्याच स्वयंपाकघरात होती. शाळेचा दुपारचा आहार ती शिजवायची. दोनशे दहा पोरांचा. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी ती मोठ्या पातेल्यात वरण घोटत होती. घोटताना हाताची हाडं बाहेर दिसत होती.

"या मॅडम. बसा. पायाचं कळलं मला. शनिवारी पळता यील ना तिला?"

"सारिकाताई, पोरगी उपाशी आहे."

पळी थांबली नाही. "उपाशी कुटं? उपास करती. देवाचं करती."

"आठवड्यातले चार दिवस? कुठल्या देवानं सांगितलं?"

"देवानं न्हाई," सारिका म्हणाली. मग पळी ठेवली, पदरानं तोंड पुसलं आणि वळून सरळ दीपालीच्या डोळ्यांत पाहिलं. "तुमी सांगितलं."

"मी?"

"तीन साल झाले. याच शाळेच्या पटांगणात. टेबलावर मूठ मारून म्हणला होता, ज्या पोरीचं हाड कोवळं ती पुढं जाणार. माझ्यासारखी अडाणी बाई काय करणार? काढ्याला माझ्याजवळ काय होतं? माझी मावशी सांगायची, दुष्काळात तिला सतरा वर्षांपर्यंत न्हाण आलं न्हवतं. म्हणलं, हे तर फुकटातलं औषध हाय. पोरगी एकटी कशी धरंल, म्हणून मी पण धरते. मी काय तिच्यापुढं बसून खाते व्हय?"

जिच्या हातचं दोनशे पोरं खात होती ती बाई आपल्या पोरीला घेऊन उपाशी राहत होती. गावात कुणालाही यात वावगं दिसलं नव्हतं. उलट बायका कौतुकच करत होत्या. केवढीशी पोर आणि केवढी भक्ती!

"तिला पाळी नाही आली अजून, माहीत आहे ना?"

"म्हाईत हाय. तीच तर चांगली गोष्ट हाय." सारिकाचा आवाज पहिल्यांदा हलला. "थोरलीला तेराव्या वर्षी आली. तिची आत्या दुसऱ्या महिन्यात स्थळ घेऊन दारात. सोळाव्या वर्षी उरकलं तिचं. आज तिला दोन लेकरं हायत मॅडम, आणि तिला हसायला पण टाइम न्हाई. हिला मी त्या आत्याच्या हाती देणार न्हाई. शनिवारी ती त्या शाळेत गेली की सुटली. मग तिथं खाऊ द्या तिला पोटभर."

"तिथं पोटभर खाऊ देणार नाहीत, ताई. तिथं सगळ्याच कोवळ्या हाडाच्या पोरी."

"मग इथं ठिऊन काय करू? तुमचा कायदा येनार का आत्याला अडवायला?"

वरणाला उकळी फुटली. सारिकानं पाठ फिरवली आणि पुन्हा घोटायला लागली. बोलणं संपलं होतं.

*

"सही करा आणि मोकळ्या व्हा," गरड सर म्हणाले. वाढपत्र टेबलावर होतं. खाली दीपालीच्या नावासमोर रेघ मोकळी.

"पोरीच्या हाडाला चीर आहे, सर."

"भरते ती. डॉक्टरचा कागद नंतर जोडू."

"ती उपाशी आहे."

"कोण नाही?" गरड सर एकदम चिडले, आणि त्या चिडण्यात काहीतरी खरं होतं. "मॅडम, दुसरी जी पोरगी जिल्ह्यातून निवडली ना, तिचे आईबाप तिला रात्री नुसतं ताक देतात. मला माहीत आहे. तुम्हाला माहीत आहे. वर बसलेल्यांनाही माहीत आहे. तुम्ही कार्तिकीचं नाव काढलंत तर त्या जागी तिसरी उपाशी पोरगी जाईल. काय बदललं? शिवाय चौकशी लागली तर पहिला प्रश्न तुम्हालाच. एकतीस वेळा 'उपवास' कुणी लिहिलं? मी?"

"मी."

"मग?"

दीपालीनं भिंतीकडं पाहिलं. भिंतीवर शाळेच्या ढाली होत्या, धूळ बसलेल्या. ती इतकी थकली होती की सही करून घरी जाऊन झोपावं असं तिला खरोखर वाटलं. सात वर्षं ओरडून पट्टा आणला, पट्ट्यानं हे केलं. नाही, पट्ट्यानं नाही. पट्टा बिचारा विचारत होता. आपल्याकडं माणूस खोटं बोलत नाही, खऱ्यामागं लपतो. देवाच्या नावामागं लपलं की कुणाची छाती आहे पदर ओढायची?

तिनं फोन काढला. कार्तिकीचं पान उघडलं. मागची पिवळी ओळ दुरुस्त करायची सोय होती, कुणी कधी वापरली नव्हती. एकतीस नोंदींपुढचं 'धार्मिक उपवास' तिनं एकेक करून खोडलं. यादीत 'उपासमार' हा शब्दच नव्हता. तिनं 'इतर' निवडलं आणि लिहिलं: मूल उपाशी ठेवले आहे. हाडवय खोटे. मला विचारले होते, मी पाहिले नाही. खाली स्वतःचं नाव.

गरड सर फोनकडं आणि तिच्याकडं आळीपाळीनं बघत राहिले. "मॅडम, तुमची पेन्शन..."

"सर, तुमची मुलगी कितवीत आहे?"

पान तांबडं झालं होतं.

*

कार्तिकीला सांगायचं काम कुणावर ढकलता येण्यासारखं नव्हतं. शुक्रवारी दुपारी दीपालीनं तिला मैदानाच्या कडेला, खांबाजवळ बसवलं आणि सगळं सांगितलं. शनिवार नाही. निवासी शाळा नाही. एक वर्ष हाडवयाच्या गटातली नोंद बंद. आजपासून जेवण.

पोरगी रडेल असं वाटलं होतं. ती रडली नाही.

"मी तुम्हाला काय केलं होतं मॅडम?"

"काहीच नाही."

"तुमचा गुडघा गेला, म्हणून माझं पण घालवता का?"

हे कुणी शिकवलं नव्हतं तिला. तिचं तिलाच सुचलं होतं, आणि लागायचं तिथं बरोबर लागलं. दीपालीनं खोटी समजूत घातली नाही. "असेल," ती म्हणाली. "असेलही. पण तू जेवायचं."

"मी उपाशीपोटी सगळ्यांत जोरात पळते! बघितलंय ना तुम्ही?"

"बघितलंय. म्हणूनच तर उशीर झाला."

कार्तिकी लंगडत निघून गेली. त्यानंतर तिनं दीपालीशी बोलणं टाकलं.

शनिवारी तिसरी पोरगी गेली. गरड सर म्हणाले होते तसंच झालं, अगदी तसंच. चौकशी लागली. दोन साहेब आले, दीपालीला तीन तास खुर्चीत बसवलं, आधी का नाही पाहिलं आणि आता का पाहिलं असे दोन्ही प्रश्न एकाच सुरात विचारून गेले. एक वेतनवाढ गेली. गावातल्या काही बायकांनी पाठीमागं नाव ठेवलं, उपास मोडवणारी बाई. दीपाली ऐकत होती आणि रोज दुपारी आपला डबा घेऊन पोषण आहाराच्या पंगतीत जाऊन बसत होती. कार्तिकीच्या समोर. पहिले काही दिवस पोरीनं नुसती भाताची शितं मोजली. दीपाली आपला घास घेत राहिली. सारिका वाढायला आली की दोघींकडं न बघता पोरीच्या ताटात पळीभर वरण जास्तीचं टाकायची. एक दिवस दीपालीनं तिला हाताला धरून शेजारी बसवलं. "तुम्ही पण." सारिकानं हात झिडकारला, पण उठली नाही. बसून राहिली. थोड्या वेळानं भात कालवू लागली.

मे संपता संपता पट्ट्यावर आकडा आला, बारा वर्षं पाच महिने. चकती जागी झाली की असंच होतं, मागं राहिलेलं सगळं ती एकदम घाईनं उरकते. पोरगी दीड इंच वाढली. जुने बूट चावायला लागले. जूनमध्ये पाळी आली, आणि दुसऱ्याच आठवड्यात आत्या. सारिकानं निरोप पाठवला नव्हता, पण दीपाली जाऊन बसली. बसून राहिली, चहा पीत, आत्या उठेपर्यंत. आत्या पुन्हा येणार होती. दीपालीलाही पुन्हा जावं लागणार होतं. अठरा पूर्ण व्हायला अजून चार वर्षं होती.

*

जुलैत नव्या हंगामाचा सराव सुरू झाला. हाडवयाची नोंद बंद होती, म्हणून कार्तिकीला आता जन्मवयाच्या गटात, आधीपेक्षा दोन इयत्ता पुढच्या पोरींत उतरावं लागलं. लांब टांगांच्या, रुंद खांद्यांच्या पोरी. ती पहिल्याच डावात चाळीस सेकंदांत बाद झाली. दुसऱ्यात तीस. तिसऱ्यात तिनं नेहमीची वळायची हुलकावणी दिली, आणि समोरच्या पोरीनं नुसता हात लांब केला. झालं.

मैदानावर कुणीतरी हसलं. कार्तिकी दीपालीपुढं येऊन उभी राहिली. घामानं लदबदलेली, धापा टाकत. पाच महिन्यांनी पहिल्यांदा बोलली.

"हे तुमच्यामुळं."

"हो. माझ्यामुळं."

"माझं शरीर मला कळेनासं झालंय. पाय कुठं टाकला आणि कुठं पडला, काही समजत नाही. मी पहिल्यासारखी कधीच नाही खेळणार."

"पहिल्यासारखी नाही खेळणार," दीपाली म्हणाली. तिला खोटं बोलायचा कंटाळा आला होता. "वाढताना असंच होतं. वर्षभर असं होईल. मेंदूला नव्या पायांची ओळख करून घ्यायला वेळ लागतो. कदाचित त्यानंतर चांगली खेळशील, कदाचित मधलीच होशील. मला माहीत नाही."

कार्तिकीनं ओठ चावला. दीपालीला वाटलं ही आता जाईल, आणि या वेळी कायमची जाईल. दूरवर पोरींनी नवा डाव मांडला होता. पाट्यांवर पोरी बसत होत्या, एकीची जागा मोकळी होती.

"मग शिकवा," कार्तिकी म्हणाली. रागानं म्हणाली, भांडल्यासारखी. "एवढं केलंय ना तुम्ही, आता या पायांनी कसं वळायचं ते पण तुम्हीच शिकवा."

दीपालीनं कठडा नसलेल्या हवेत हात टेकवल्यासारखा करून स्वतःला बाकावरून उठवलं. गुडघा कुरकुरला. "आधी जेवून ये."

"जेवून आलेय मी," पोरगी खेकसली. "दोनदा वाढून घेतलं. आता चला."

तिच्या नखांत वरणाचं पिवळं अडकलेलं होतं. दीपाली तिच्यामागून मैदानात उतरली.